पैठणची लसीकरण मोहीम

सातवाहनांनी आपल्या सैन्याला क्षयाची लस टोचली होती, हे मला गेल्या शनिवारपर्यंत ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. मोठ्या पडद्यावर स्वतः पाहिलं, तिकीट काढून. प्रतिष्ठान नगरीचा, म्हणजे आपल्या पैठणचा, सेनापती तलवार उपसून डरकाळी फोडतो, कॅमेरा त्याच्या जवळ जवळ सरकतो आणि उघड्या डाव्या दंडावर तो वण दिसतो. तुमच्या-माझ्या दंडावर असतो तोच. एरवी मसुराएवढा, इथे परातीएवढा.

लढाईतली जखम असेल, असं आधी वाटलं. मग मागची रांग पाहिली. भालदार, धनुर्धर, मशालवाले, हत्तीवरचा माहूतसुद्धा. सगळ्यांना डाव्या दंडावर, खांद्याच्या जरा खाली, अगदी त्याच जागी. शत्रूचे बाण इतक्या शिस्तीत लागत नसतात. बीसीजीची लस माणसाला पहिल्यांदा दिली गेली ती 1921 साली, पॅरिसमध्ये. म्हणजे पैठणकरांनी पॅरिसला निदान सतराशे वर्षांनी मागे टाकलं, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याची एक ओळ नाही! शिवाय माहुतापर्यंत लस पोचली म्हणजे राजवैद्यांच्या खात्यात सगळी पदं भरलेली असणार, शीतपेटी बिघडलेली नसणार आणि टोचणारी बाई सोमवारी रजेवर नसणार. सुवर्णयुग म्हणतात ते हेच.

या चित्रपटाच्या संशोधनाला तीन वर्षं लागली, असं प्रसिद्धीत सांगत होते. तीन वर्षांत एक वाकी सुचली नाही? जुन्या शिल्पांतली माणसं दंडात वाकी घालतात, नेमकी तिथेच. नायकाला ती घातलीही आहे. उजव्या दंडात.

बरं, पूर्वार्धात मी हसलो, हे कबूल केलं पाहिजे. नाणेघाटातला प्रसंग तर झकास आहे. घाटमाथ्यावर तो दगडी रांजण, जकातीची नाणी त्यात टाकायची असं सांगतात तो. मागे कल्याणच्या बंदरातून आलेल्या बैलांची रांग कोकणात उतरलेली, आणि एक व्यापारी सुट्ट्या कार्षापणांवरून हुज्जत घालतोय. दहा मिनिटं थिएटर खिदळत होतं. पुढे मात्र लेखकाचा कार्षापण संपला. आचारी कढईत पडतो. पुन्हा पडतो. मध्यंतरानंतर राजपुरोहित पडतो. परीक्षणवाल्यांनी याला ‘संमिश्र’ म्हटलं, तीन तारे दिले आणि ‘एकदा पाहायला हरकत नाही’ असं लिहिलं. माझ्या उभ्या आयुष्यात या मंडळींची कशालाही हरकत असल्याचं आठवत नाही.

माझी आहे. प्राचीन काळ दाखवायचा म्हणजे माणसं बावळट दाखवायची, हे कुणी ठरवलं? त्याच सातवाहनांच्या हाल राजाच्या नावावर गाथासप्तशती आहे, सातशे गाथा, आपल्या महाराष्ट्री प्राकृतात. त्यातली एक घरधनीण वाटसरूला दिवसाउजेडीच दाखवून ठेवते, की बाबा, इथे सासूबाई झोपतात, इथे मी. रात्री अंधारात चुकून माझ्या अंथरुणावर पडू नकोस हो! दोन ओळींत काम तमाम, आणि कढईची गरज नाही. पुढे सातव्या शतकात कांचीच्या महेंद्रवर्म्याने स्वतः प्रहसन लिहिलं, ‘मत्तविलास’. राजाने, स्वतः! त्यात दारू प्यायलेल्या कापालिकाची भिक्षेची कवटी हरवते, तो बौद्ध भिक्षूवर चोरीचा आळ घेतो, आणि ती पळवलेली असते कुत्र्याने. आपल्याच राजधानीतले साधू, आपल्याच राजधानीतले भिक्षू, आणि खिल्ली उडवणारा खुद्द गादीवर बसलेला. आज हे कुणी पडद्यावर आणून दाखवावं. दुपारी खेळ लागेल, संध्याकाळी काचा फुटतील. म्हणून तर आमचे विनोदवीर दोन हजार वर्षं मागे पळतात, सातवाहन पोलिसांत तक्रार करायला येत नाहीत ना! आणि तिथे पोचल्यावरही धाडस एवढंच, की जाड आचाऱ्यावर हसायचं, टकल्या मंत्र्यावर हसायचं, बायकोला घाबरणाऱ्या राजावर हसायचं. एवढ्यासाठी सुरुवातीला अडीच मिनिटं माफीनामा: कोणाच्याही भावना, कोणताही समाज, कोणताही प्राणी. अहो, आधी दुखवा तर खरं!

असो. रक्तदाब वाढतो. मुद्दा दंडाचा चालला होता.

काल मी पुन्हा गेलो. हो, पुन्हा तिकीट काढून. संशोधनाला खर्च येतोच. या वेळी फक्त दंड पाहिले. दासी: वण आहे. विदूषक: आहे. राजमाता: शालू आड येतो, पण पंखा ढाळणाऱ्या दोघींना आहे. प्रश्न उरला शत्रूचा. सातवाहन राजा गौतमीपुत्राने शकांच्या नहपानाला हरवलं, त्याची नाणी गोळा करून त्यांवर आपला ठसा मारला. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 साली तसली नाणी हजारोंनी सापडली. हरवलं का, याची कारणं विद्वान देतात, व्यापार, बंदरं, घाटवाटा वगैरे. मला वेगळीच शंका होती. म्हणून शेवटच्या लढाईत डोळ्यांत तेल घालून शकांचे दंड शोधले. पण शक पडले थंड मुलखातले. सगळ्यांच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचे अंगरखे.