जनसंपर्क : व्याख्या, प्रकार व उपयोग

दोन निवडणुकांच्या मधल्या पाच वर्षांत लोकप्रतिनिधी आणि मतदार यांच्यात जो व्यवहार चालतो, त्याला जनसंपर्क म्हणतात. यातील ‘जन’ म्हणजे काम अडलेला माणूस आणि ‘संपर्क’ म्हणजे त्या माणसाने घेतलेला शोध. हा शोध सकाळी सुरू होतो आणि बहुधा ‘भाऊ दौऱ्यावर आहेत’ या वाक्यापाशी संपतो. दौरा मतदारसंघातच असतो, पण मतदारसंघातल्या माणसाला तो सापडत नाही. संपर्क कार्यालय नावाची स्वतंत्र वास्तू याच कारणासाठी लागते. दौरा कुठे आहे, हे तिथे निश्चितपणे सांगता येत नाही.

या विषयाच्या अभ्यासाला वाशिम जिल्हा सोयीचा आहे. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा असून 2011 च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे 12 लाख आहे. नमुना आटोपशीर असल्याने निरीक्षण सोपे जाते. विधानसभेच्या 288 जागांपैकी रिसोड, वाशिम आणि कारंजा या तीन जिल्ह्याच्या वाट्याला येतात, म्हणजे शेकड्याला एक. लोकसभेचा हिशेब थोडा गुंतागुंतीचा आहे. पूर्वी वाशिम नावाचा स्वतंत्र मतदारसंघ होता. 2008 च्या पुनर्रचनेत वाशिम आणि कारंजा हे भाग यवतमाळकडच्या चार विधानसभा क्षेत्रांना जोडून यवतमाळ-वाशिम मतदारसंघ झाला आणि रिसोड अकोल्याकडे गेले. अकोल्यापासून वेगळे होऊन दहा वर्षे होतात न होतात, तोच रिसोड आणि मालेगाव हे तालुके मतदानापुरते पुन्हा अकोल्याचे झाले. तिथल्या माणसाचे जिल्हाधिकारी वाशिमला बसतात आणि खासदार अकोल्याचे असतात. त्यामुळे अर्ज कुठे द्यायचा, या पहिल्याच प्रश्नावर संपर्काचा बराचसा वेळ कारणी लागतो.

संपर्काचा दुसरा घटक अंतर. या बाबतीत जिल्ह्याचा अनुभव समृद्ध आहे. 1977 मध्ये शेजारच्या पुसदचे वसंतराव नाईक वाशिममधून लोकसभेवर गेले. त्यानंतर 1980 आणि 1984 या दोन्ही निवडणुका जम्मू-काश्मीरमधल्या डोडा भागातून आलेल्या गुलाम नबी आझाद यांनी इथून जिंकल्या. डोडा ते वाशिम हे अंतर रस्त्याने दीड हजार किलोमीटरहून अधिक भरते, आणि तो काळ ट्रंक कॉल लावून वाट पाहत बसण्याचा होता. 1999 पासून 2019 पर्यंत भावना गवळी यांनी आधी वाशिम आणि मग यवतमाळ-वाशिम अशा सलग पाच निवडणुका जिंकल्या. 2024 मध्ये दिग्रसकडचे संजय देशमुख निवडून आले. डोड्यापासून दिग्रसपर्यंत अंतर असे आटत आले आहे. मात्र तक्रारींची संख्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते, हा या शास्त्रातला पहिला नियम आहे. डोड्याच्या माणसाने पोराच्या लग्नाला यावे, अशी कोणाचीच अपेक्षा नसते. दिग्रसच्या माणसाने साक्षगंधालाही यावे लागते.

पालकमंत्री हे पद याच नियमावर उभे आहे. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद आणि राष्ट्रीय सणांचे ध्वजारोहण ही त्याची दोन ठळक कामे. 2020 मध्ये हे पद सातारा जिल्ह्यातील पाटणच्या शंभूराज देसाई यांच्याकडे होते. 2022 मध्ये ते शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील संजय राठोड यांच्याकडे आले. 2025 च्या जानेवारीत ते कोल्हापूर जिल्ह्यातील कागलच्या हसन मुश्रीफ यांच्याकडे गेले. कागल ते वाशिम हे अंतर सुमारे 600 किलोमीटर. काही महिन्यांतच त्यांनी ही जबाबदारी सोडली आणि ती पुणे जिल्ह्यातील इंदापूरच्या दत्तात्रय भरणे यांच्याकडे आली. पाटण, कागल, इंदापूर ही गावे वाशिमच्या शाळकरी मुलांना ज्या क्रमाने पाठ झाली, त्यावरून राज्याचा भूगोल शिकवण्याची एक नवी पद्धत निघू शकते. पालकत्व दत्तक पद्धतीचे असले म्हणजे मूल फारसे हट्ट करत नाही, हा त्याचा प्रशासकीय फायदा.

आता प्रकार. पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रकार म्हणजे उपस्थिती. लग्न, तेरवी, वास्तुपूजन, जावळ, दुकानाचे उद्घाटन आणि गावजेवण या सहा प्रसंगांना उपस्थिती मोजली जाते. लग्नसराईत एका दिवशी पंधरा-वीस ठिकाणी जावे लागते. अशा वेळी नवरदेवापेक्षा भाऊंच्या गाडीची वाट अधिक पाहिली जाते, कारण भाऊ आल्याशिवाय मंगलाष्टके पुढे सरकत नाहीत. भाऊ येतात, अक्षता टाकतात, फोटो निघतो आणि गाडी पुढच्या मांडवाकडे जाते. जेवायला थांबता येत नाही. थांबले तर एका गावाचा मान राहतो आणि चौदा गावांचा जातो. नागपूरचे हिवाळी अधिवेशन तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईतच भरते, ही घटनात्मक अडचण अजून कोणी दूर केलेली नाही. सभागृहातली गैरहजेरी मतदाराला कळत नाही. मांडवातली कळते, आणि ती पाच वर्षे लक्षात राहते.

दुसरा प्रकार शिफारसपत्राचा. लेटरहेडवरच्या या पत्राचा मजकूर ठरलेला असतो : सदर इसम माझ्या परिचयाचे असून अत्यंत गरजू आहेत, तरी त्यांच्या अर्जावर नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी. सदर इसमाचे नाव पीए त्याच्याकडूनच विचारून घेतो आणि परिचय त्यानंतर होतो. पत्राचा आत्मा ‘नियमानुसार’ या शब्दात आहे. काम झाले तर ते पत्रामुळे झाले आणि न झाले तर ते नियमामुळे अडले, अशी दोन्हीकडची सोय हा एकच शब्द करतो. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातली खाट, निराधार योजनेचे थांबलेले पैसे, घरकुलाचा हप्ता, सातबाऱ्यावरचा फेरफार, बदली आणि रेल्वेचे आरक्षण या सर्वांसाठी पत्र चालते. बारकाईने पाहिल्यास असे दिसते, की या पत्रात लोकप्रतिनिधी अधिकाऱ्याला जे करायला सांगतो, तेच करण्यासाठी अधिकाऱ्याला पगार मिळत असतो.

तिसरा प्रकार दूरध्वनीचा. तो अडलेल्या माणसाच्या देखत आणि स्पीकर चालू ठेवून करतात. हरभऱ्याला पाणी देण्याच्या ऐन दिवसांत डीपी जळाली, की गावातली चार माणसे येतात. ‘भाऊ, तेवढं पाहजा,’ असे म्हणतात. भाऊ अभियंत्याला फोन लावतात. पलीकडून ‘पाहतो साहेब’ असे उत्तर येते. भाऊ माणसांकडे वळून ‘पाहतो म्हणतात’ असे सांगतात आणि माणसे समाधानाने परत जातात. ‘पाहणे’ हे क्रियापद इतर मराठीत डोळ्यांशी संबंधित आहे. सरकारी मराठीत ते कालवाचक आहे. त्याचा अवधी हरभऱ्याच्या पिकापेक्षा सहसा थोडा जास्त असतो.

चौथा प्रकार निधीचा. खासदारांचा स्थानिक विकास निधी डिसेंबर 1993 मध्ये सुरू झाला आणि 2011-12 पासून तो वर्षाला 5 कोटी रुपये आहे. राज्यातील आमदारांचा निधीही 2022 पासून तेवढाच आहे. यवतमाळ-वाशिममध्ये सुमारे 19 लाख मतदार आहेत. भागाकार केल्यास खासदार निधी मतदारामागे वर्षाला साधारण 26 रुपये पडतो, म्हणजे बसस्थानकावरचे अडीच चहा. आमदारांचा मतदारसंघ लहान असल्याने हीच रक्कम माणशी दीडशेच्या आसपास जाते आणि चहाबरोबर नाश्ताही निघतो. हा पैसा लोकप्रतिनिधीच्या हाती येत नाही. त्याने काम सुचवायचे असते, मंजुरी जिल्हा प्रशासन देते आणि बांधकाम तिसरीच यंत्रणा करते. खासदार निधीच्या कामावर खासदाराच्या नावाचा कायमस्वरूपी फलक लावणे मात्र नियमानेच आवश्यक असते. निधीचा भर टिकाऊ सामुदायिक मालमत्तेवर आहे, आणि फलक दगडाचा किंवा धातूचा असल्याने त्या अटीत तो सर्वांत चांगला बसतो.

निधीतून सभामंडप, हायमास्ट दिवा, गट्टू आणि स्मशानभूमीचे शेड ही कामे प्रामुख्याने निघतात. सोयाबीन काढायला यंत्र शेतापर्यंत जावे यासाठी पांदण रस्ता लागतो, पण पांदणीला दोन्ही बाजूंनी धुऱ्याची भांडणे असतात. सभामंडपाला धुरा नसतो. एका कामाचे भूमिपूजन, उद्घाटन आणि लोकार्पण असे तीन कार्यक्रम होतात, त्यामुळे संपर्काच्या दृष्टीने काम जितके लांबेल तितके ते लाभदायक ठरते. कार्यक्रमपत्रिकेत नाव राहून गेल्यास प्रकरण हक्कभंगापर्यंत जाऊ शकते. काम राहून गेल्यास तशी तरतूद नाही.

तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, विधेयकावरचे भाषण यांचा समावेश जनसंपर्कात करत नाहीत. ही कामे मुंबईत किंवा नागपुरात होतात, त्यांत कोणा एका माणसाचे काम होत नाही आणि हार घालायला कोणी नसते. कायदे करण्यासाठी निवडलेल्या माणसाला कायद्यासाठी वेळ उरत नाही, याबद्दल मतदाराने खेद व्यक्त केल्याचेही आढळत नाही. जानेवारी 2018 मध्ये देशातील मागे राहिलेल्या जिल्ह्यांसाठी आकांक्षित जिल्हे हा कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातून त्यात नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाचे उस्मानाबाद यांच्यासह वाशिम आहे. आरोग्यापासून पाण्यापर्यंत 49 निर्देशांकांवर या जिल्ह्यांची प्रगती मोजली जाते. मतदाराचे निर्देशांक दोनच आहेत : फोन उचलतो का, आणि लग्नाला आला होता का. त्यामुळे कुपोषणाच्या आकड्यावर कोणी पडल्याचे ऐकिवात नाही आणि तेरवीला न गेल्याने पडलेले मात्र गावोगावी सांगितले जातात.

या सगळ्या व्यवहाराला कच्चा माल लागतो, आणि तो म्हणजे रखडलेले काम. काम वेळेवर झाले तर पत्र, फोन आणि कार्यालय या तिन्ही गोष्टी निरुपयोगी ठरतात. सुदैवाने पुरवठा अखंड आहे. 2022 पासून राज्यातील बहुतेक नगरपरिषदा प्रशासकांच्या हाती होत्या आणि त्यांच्या निवडणुका 2025 च्या डिसेंबरात निघाल्या. मधल्या काळात नगरसेवकच नसल्याने तुंबलेली नालीही आमदारांपर्यंत पोहोचली. तंत्रज्ञानानेही हातभार लावला आहे. 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांनी मानोरा तालुक्यातील पोहरादेवीला येऊन बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन केले. त्याच दिवशी, त्याच वाशिम दौऱ्यात, किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता सोडण्यात आला. एक कळ दाबताच सुमारे 20,000 कोटी रुपये 9 कोटींहून अधिक शेतकऱ्यांच्या खात्यांत गेले. एवढ्या वेगाच्या यंत्रणेत ज्याच्या आधारवर ‘विठ्ठल’ आणि पासबुकात ‘विठल’ असते, तो शेतकरी मागे राहतो. त्याच्यासाठी लेटरहेड आहेच.

पुरवठा तोडण्याचा एक प्रयत्न विधिमंडळानेच केलेला आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 पासून लागू आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा त्यानुसार नागरिकाचा हक्क आहे. ती न मिळाल्यास वरिष्ठाकडे अपील करता येते, आणि सबळ कारण नसताना सेवा अडवणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. यासाठी ओळख लागत नाही, पत्र लागत नाही आणि सकाळी कोणाच्या फाटकापाशी उभे राहावे लागत नाही. ज्या सभागृहाने हा कायदा केला, त्यात वाशिम जिल्ह्याच्याही तीन जागा आहेत. या कायद्याची माहिती देणारे बॅनर वाढदिवसाच्या बॅनरांच्या तुलनेत अल्प आढळतात. कोणताही व्यवसाय स्वतःच्या बंदीची जाहिरात स्वखर्चाने करत नाही, हे त्याचे कारण असावे.

कोणती सेवा किती दिवसांत मिळेल आणि ती कोण देईल, याचा तक्ता कार्यालयात लावणे या कायद्याने बंधनकारक आहे. तक्ता भिंतीवर असतो आणि भिंतीला लागून बाक असते. बाकावर बसलेल्या माणसाची पाठ तक्त्याला टेकलेली असते आणि हातात, घामाने ओले होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले, भाऊंचे पत्र असते.