शेठ वेशांतर करतात

शेठ आयुष्यात लपले ते एकदाच, आयकरवाले आले होते तेव्हा. एरवी तालुक्यात त्यांचा चेहरा नाही असा चौक नाही. दहीहंडीच्या फ्लेक्सवर ते असतात, दहावीच्या गुणवंतांच्या फ्लेक्सवर गुणवंतांपेक्षा मोठे असतात, आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या फ्लेक्सवर यातलं गेलं कोण हे नीट वाचून घ्यावं लागतं. या माणसाने सिनेमा काढला आणि कुणालाच ओळखू न येणाऱ्या गुप्त पोलिसाची भूमिका स्वतःकडे ठेवली.

चाकणकडच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या आणि गुंठामंत्र्यांना दिवस आले. त्या पैशाच्या वाटा ठरलेल्या. पांढरी फॉर्च्युनर, गळ्यात साखळदंड, दारात शर्यतीचा बैल, झेडपीचं तिकीट. पण 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या त्या डिसेंबर 2021पर्यंत. त्यातच तिकीट सख्ख्या मेहुण्याने पळवलं. बैल गोठ्यात आणि शेठ ओट्यावर, दोघेही रिकामे. अशा वेळी कुणीतरी म्हणालं, "शेठ, तुमची पर्सनॅलिटी सिनेमाची हाय." हे म्हणणारा पुढे कार्यकारी निर्माता झाला.

बजेट तोकडं, म्हणून पहिली कात्री नायकाच्या मानधनाला. "हिरोला कशाला पैसं द्यायचं? आपण हाय ना." दिग्दर्शक शिकलेला आणि गरजू. त्याने आडून सुचवलं, "शेठ, व्हिलन करा. नुसते सोफ्यावर बसलात तरी पडदा भरेल." मला विचाराल तर त्या सबंध उद्योगातली ही एकच शहाणपणाची सूचना. व्हिलनचा बंगला शेठचा, गाड्या शेठच्या, गुंडही शेठच्याच तालमीतले. पण "मी व्हिलन झालो तर आई जेवायची नाय" यावर विषय मिटला.

पोलीस कसा दिसतो ते कळावं म्हणून दिग्दर्शकाने त्यांना 'अर्धसत्य' दाखवला. 1983चा, तेंडुलकरांची पटकथा, ओम पुरीचा आतल्या आत धुमसणारा सब-इन्स्पेक्टर. शेठनी मध्यंतरापर्यंत कळ काढली आणि मग विचारलं, "ह्यात हिरो कवा येतोय?"

पुढचं भांडण खांद्यावरच्या चांदण्यांचं. पटकथेत नायक इन्स्पेक्टर होता. ड्रेसवाल्याने रीतसर तीन स्टार आणि लाल-निळी फीत लावलेला गणवेश पाठवला. शेठनी फीत बोटाने उचलून पाहिली. "हे पीआयचं. पीआय आपल्याकडं चहाला येतो." त्यांना अशोकस्तंभ पाहिजे होता. शेवटी त्यांना जिल्ह्याचा एसपी करण्यात आलं. अख्ख्या जिल्ह्याचा पोलीसप्रमुख चार महिने चहाच्या टपरीवर कपबशा विसळतो आणि ऑफिसात कुणी त्याची चौकशीही करत नाही, हे कथानकात बसवण्याची जबाबदारी माझ्यावर आली. मला तिथे संवादांसाठी बोलावलं होतं.

टपरीवाल्याचा वेश म्हणजे मळका बनियन आणि खांद्यावर फडकं. बनियन शेठनी मान्य केलं. पण गॉगल आणि सोनं उतरवायला तयार नाहीत. "गळा मोकळा दिसला तर पब्लिकला वाटंल, शेठचं दिवाळं निघालं." त्यामुळे पडद्यावर पंधरा तोळे घातलेला गरीब चहावाला दिसतो आणि व्हिलन त्याला सुट्टे मागतो. बाहेरचं चित्रण तर आणखी अवघड. कॅमेरा लागला की रस्त्यावरून जाणारा प्रत्येक दुचाकीवाला हात वर करून "रामराम शेठ!" म्हणणार आणि गुप्त वेशातले शेठही मान हलवून रामराम घेणार. रामराम न घेणं त्यांच्या रक्तातच नाही.

गुप्त पोलिसाच्या गोष्टीला एक जुनं कलम आहे. नायक कोण आहे हे फक्त एका साहेबाला ठाऊक असतं आणि तो साहेब वेळेवर मरतो. 1978च्या 'डॉन'मध्ये डीएसपी मरतो. 2002च्या हाँगकाँगी 'इन्फर्नल अफेअर्स'मध्ये साहेबाला वरून खाली टाकतात. तिथून पुढे नायक ना पोलिसांचा, ना गुंडांचा, आणि खरी गोष्ट सुरू होते. आमच्याकडे साहेबाची भूमिका शेठच्या मामांना दिली होती. मामांनी मरायला नकार दिला. "जत्रा तोंडावर आलीय, गावात काय सांगू?" मग मामा शेवटपर्यंत जिवंत राहिले. नायक गजाआड जातो, कोर्टात ओरडतो, "मी पोलीस आहे!" आणि मामा तिसऱ्या बाकावर बसून मिशा पिळतात. प्रेक्षकांतून आवाज आला, "मामा, सांगा की!"

मारामारी तर सांगायचीच सोय नाही. पहिल्या टेकला शेठ व्हिलनच्या अड्ड्यात लाथ मारून शिरले आणि गुंड तालमीतल्या सवयीने उठून उभे राहिले. एकाने खुर्ची पुढे केली. फाइट मास्टर चेन्नईचा, त्याला वाटलं संवाद आहे. नायकाने आधी मार खायचा, मग द्यायचा, हे तो परोपरीने समजावत होता. पण शेठवर हात उगारायला एकही पोरगा तयार होईना. उद्या हप्ता कोण भरणार? अखेर मार खाण्यापुरता एक डुप्लिकेट आणला. तो शेठच्या निम्म्या अंगाचा. त्यामुळे इंटरव्हलच्या आधी नायक दोन मिनिटं एकदम बारीक होतो आणि शुद्धीवर येताच पुन्हा भरतो.

सिनेमा लागला. पहिला खेळ हाउसफुल्ल, कारण तिकिटं शेठचीच आणि माणसंही त्यांच्याच टेम्पोतून आलेली. दुसऱ्या खेळाला मॅनेजरने फोन करून विचारलं, चालू करू का? मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्सवाले थेटर देत नाहीत, ही तक्रार बहुतेक वेळा खरी असते. शेठनीही ती चॅनेलवाल्यांसमोर केली, गॉगल न काढता.

त्यांना पश्चात्ताप वगैरे झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मागच्या आठवड्यात फोन आला, "लेखक, दुसरा भाग लिहायला घ्या. ह्या टायमाला डबल रोल."

"दुसरा रोल कुणाचा, शेठ?"

"पहिल्याला वळखणाऱ्याचा. मामाचं काय खरं नाय."