त्सुनामीनंतर गाव वसवताना : नवख्या नगराध्यक्षांसाठी

अनुभव नसला तरी चालेल. रिकुझेनताकाताचे महापौर फुतोशी तोबा खुर्चीवर बसून जेमतेम महिना झाला होता, तोच ११ मार्च २०११ ला दुपारी पावणेतीनला ईशान्य जपानची किनारपट्टी हादरली. तासाभरात पालिकेची इमारत पाण्यात होती. तोबा गच्चीवर चढून वाचले. पत्नी वाचली नाही. गावातली १,७०० हून जास्त माणसं गेली, त्यांत पालिकेचेच शंभरावर कर्मचारी. तेव्हा नियोजनाला बसाल त्या दिवशी शेजारच्या टेबलावरचा माणूस नसेल, त्याच्याकडची फाईल नसेल आणि टेबलही नसेल, हे धरून चाला. आराखडा मात्र वर्षअखेरीच्या आत हवा असतो.

माणसं उसनी मिळतात. लांबलांबच्या पालिका आपले अभियंते पाठवतात, पुष्कळदा वर्षभरासाठी. त्यांना गावची बोली कळायला लागते, म्हाताऱ्या चहाला थांबवायला लागतात, आणि नेमकी त्यांची मुदत भरते. पुढच्याला पुन्हा ‘हा रस्ता कुठे जायचा’ इथपासून सांगा.

भिंतीची उंची ठरवायची वेळ आली की घाबरू नका, ती बरीचशी वरून ठरून येते. सरकारी हिशेबात लाटा दोन प्रकारच्या. काही दशकांतून किंवा शे-दीडशे वर्षांतून एकदा येणारी, ती भिंतीनं अडवायची. हजारेक वर्षांतून एकदा येणारी, तिच्यापुढे पळून जीव वाचवायचा. हिशेब चोख आहे. अडचण एवढीच की आपण कोणत्या प्रकारात मोडतो, हे लाट येताना सांगत नाही.

दोन जुनी उदाहरणं पाठ करून ठेवा, सभेत कामी येतील. फुदाई या छोट्या गावचे प्रमुख कोतोकु वामुरा यांनी साडेपंधरा मीटर उंचीचा पूरदरवाजा बांधायचा हट्ट धरला. लोकांनी पैशाची नासाडी म्हणून नावं ठेवली. १९८४ ला दरवाजा पुरा झाला आणि २०११ मध्ये त्याच्यामागचं गाव शाबूत राहिलं. वामुरांचे आभार मानायला लोक गेले ते त्यांच्या थडग्यावर. ते १९९७ मध्येच वारले होते. दुसरीकडे तारो. तिथली दहा मीटर उंच, जवळपास अडीच किलोमीटर लांब भिंत बघायला परदेशातून पाहुणे यायचे. समुद्र तिच्यावरून आत आला. म्हणजे उंच बांधाल तर उधळे, बुटकी बांधाल तर बेजबाबदार, आणि दोहोंपैकी कोण ते कळायला पंचवीस-तीस वर्षं.

पैशाची काळजी नको. तेव्हा पुनर्बांधणीच्या अनुदानासाठी पाच मंत्रालयांच्या चाळीस कामांची यादी तयार होती. गावाला काय हवं याची आधी चर्चा करण्याची चूक करू नका. आधी यादी वाचा. गावाला तेच हवं असतं.

आता जमीन. नकाशावर आडवा हात फिरवून ‘हे सगळं उचलायचं’ म्हणायला सोपं. प्रत्यक्षात एखाद्या तुकड्याच्या नोंदीवर शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या पणजोबांचं नाव निघतं, वारसनोंद कोणी केलेलीच नसते, आणि सह्या गोळा करायला शहरोशहरी पांगलेली पतवंडं शोधावी लागतात. सातबाऱ्यावर मेलेल्या आजोबांचं नाव बघायची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. बरं वाटलं, जपानमध्येही असंच असतं म्हणून.

सह्या झाल्या की डोंगर आणा. ही थट्टा नाही. रिकुझेनताकातानं नदीपलीकडचा डोंगर फोडला आणि माती सुमारे तीन किलोमीटरच्या सरकत्या पट्ट्यावरून गावात ओतली. ट्रकांनी नऊ वर्षं लागली असती, पट्ट्यानं दीड वर्षात ५० लाख घनमीटर माती आली. नदीवरच्या त्याच्या पुलाला ‘आशेचा पूल’ असं नाव दिलं. जुन्या गावाच्या डोक्यावर सुमारे दहा मीटर भराव पडला. कोणाचं न्हाव्याचं दुकान, कोणाच्या शाळेची वाट, सगळं दहा मीटर खाली.

पण भराव दाबायचा, बसू द्यायचा, भूखंड पाडायचे, पाणी-गटार घालायचं. तोवर लोक राहतात तात्पुरत्या घरांत. कायद्यानं दोन वर्षांची म्हणून बांधलेल्या त्या घरांची मुदत दर वर्षी वाढवत न्यायची, ही कला आपोआप येते. भूखंड किती लागतील ते ठरवायला घरोघरी विचारा : परत येणार ना? पहिल्या वर्षी सगळे हो म्हणतात. घर गेलेला माणूस ‘नाही’ कसं म्हणेल? तिसऱ्या वर्षी मुलाची शाळा दुसऱ्या गावात रुळलेली असते, पाचव्या वर्षी बँक म्हणते, आजोबा, या वयात कर्ज? आराखडा मात्र पहिल्या वर्षीच्या हो वर उभा. शेवटी उंच, सपाट, देखण्या भूखंडांवर गवत माजलं. मग पालिकेनं रिकाम्या जागांचे मालक आणि गरजू यांची गाठ घालून देणारी यादी काढली. वधू-वर सूचक मंडळच ते, फक्त स्थळं सगळी एकाच बाजूची.

घाई केली तर काय होतं, हे बघायला ओनागावाला जा. (ढिगारे उपसायला गेलेलं आपल्या एनडीआरएफचं ४६ जणांचं पथक याच गावात होतं.) तिथल्या व्यापारी संघाच्या अध्यक्षांनी महिनाभरातच सांगून टाकलं की साठी उलटलेल्यांनी नियोजनात तोंड घालायचं नाही, पाठीशी उभं राहायचं. आपल्याकडे असा ठराव मांडायचा तर आधी साठी उलटलेल्यांची समिती नेमावी लागेल. नोव्हेंबरात एकोणचाळीस वर्षांचे योशिआकी सुदा प्रमुख झाले. गावासमोर उंच भिंत घालायची नाही, घरं वर न्यायची आणि समुद्र दिसत ठेवायचा असं ठरलं. मार्च २०१५ मध्ये शिगेरू बान यांनी आखलेलं स्टेशन सुरू झालं, वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या स्नानगृहासकट. बाहेर पडलं की नाकासमोर समुद्र. नियोजनाच्या वर्गात शिकवण्याजोगं गाव, आणि तरीही २०१० च्या जनगणनेतले दहा हजार लोक २०१५ मध्ये ६,३०० च्या आसपास उरले. घाईचा दोष नव्हता तो, पण घाईनंही माणसं थांबली नाहीत.

आता शेवटचं, मोजमाप. केसेन्नुमाच्या बंदरातल्या लोकांना भिंत नको होती. समुद्र दिसला नाही तर तो काय करतोय हे कळणार कसं, असा कोळ्यांचा सवाल. वर्षानुवर्षं सभा झाल्या. अखेर तोड निघाली : भिंत बुटकी, आणि वरचा मीटरभर भाग म्हणजे पाणी चढलं की आपोआप उभी राहणारी झडप. त्यात भूकंपानं खचलेली जमीन हळूहळू पुन्हा वर येत होती, म्हणून उंची आणखी २२ सेंटिमीटरनं कमी करायची ठरली. २०१८ मध्ये लक्षात आलं की एका टप्प्यात ही वजाबाकी करायचीच राहिली. लोक म्हणाले, दुरुस्त करा. प्रांताच्या प्रशासनानं चूक कबूल केली, आणि गव्हर्नरांनी काम तसंच पुढे नेलं.

२२ सेंटिमीटर म्हणजे एक वीत. कार्यालयात टेपनं मोजाल तर फारशी वाटणार नाही. म्हणून पुढच्या सभेला जाताना टेप नेऊ नका. घडीची खुर्ची न्या, भिंतीमागे मांडा, तिच्यावर एखाद्या म्हाताऱ्या कोळ्याला बसवा आणि विचारा, काका, पाणी दिसतंय का?