हातचं न राखता

नाताळ सरला की इंग्लंडातल्या दुकानांत नको असलेल्या भेटी परत करायला माणसं रांगा लावतात. पावती दाखवली की मोजे जातात, पैसे येतात आणि कुणाचं मन दुखत नाही. हातानं केलेल्या भेटीला पावती नसते. ती बदलून मिळत नाही. शिवाय ती करणारं माणूस समोरच उभं राहून घेणाऱ्याचा चेहरा वाचत असतं. देणाऱ्याची मेहनत चोवीस तारखेला संपते, घेणाऱ्याची पंचविसाला सुरू होते.

स्वेटरचंच पाहा. थंडीची चाहूल लागली की तिकडे घरोघरी सुया बाहेर निघतात आणि लोकरीचा रंग पाहून जो तो धसकतो, हे माझ्यासाठी तर नाही ना? विचारायची सोय नाही, कारण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललेलं ते विणकाम गुपित असतं. जे. के. रोलिंग यांच्या 1997 सालच्या पहिल्या हॅरी पॉटरमध्ये मिसेस वीझ्ली दर नाताळाला मुलांसाठी स्वेटर विणतात. रॉनच्या वाट्याला कायम मरून. पोरगा कुरकुरतो आणि घालतो. अनाथ हॅरीला मात्र हिरवागार स्वेटर मिळतो आणि तो हरखून जातो. सात पुस्तकांत एवढी जादू झाली, पण मरून लोकरीवर कुणाचा मंत्र चालला नाही.

विणणाऱ्या बायकांत याहून भयंकर एक समजूत आहे. प्रियकरासाठी स्वेटर विणायला घेतला की तो पुरा होण्याआधी प्रियकर पळतो म्हणे. तिकडे याला शाप म्हणतात. शाप कसला, साधा हिशोब आहे! पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला हजारो टाके लागतात, नोकरी-घर सांभाळून विणायचा तर महिने जातात, आणि काही प्रेमांची मुदत त्याहून कमी असते. लग्न ठरेपर्यंत मफलरवर भागवावं हे बरं.

लग्न ठरलं, झालंही, तरी प्रश्न सुटतोच असं नाही. केट मिडलटन 2011 साली नवी सून म्हणून सँड्रिंगहॅमच्या राजवाड्यात पहिल्या नाताळाला गेली. आजेसासू साक्षात इंग्लंडची राणी. जिच्या खजिन्यात कोहिनूर, तिला नेऊन नेऊन काय न्यायचं? केटनं आपल्या आजीच्या कृतीनं चटणी केली, आणि आता बिनसलं तर काय या धाकधुकीत बरणी पुढे केली. राणीच्या नव्वदीनिमित्तच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात तिनं हे स्वतःच सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर चटणी जेवणाच्या टेबलावर! राणीनं त्यातली किती खाल्ली, ही चौकशी गैरलागू आहे. बरणी टेबलावर आली, सून तरली.

पण चटणी गुपचूप करता येते. ऑर्केस्ट्रा गुपचूप कसा करणार? जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर यानं तेही केलं. बायको कोसिमा हिचा जन्म 24 डिसेंबरचा, पण ती वाढदिवस पंचविसाला साजरा करी, म्हणजे नाताळ आणि वाढदिवस एकाच भेटीत उरकायची नवऱ्याला आयती सोय. वाग्नरनं तिच्यासाठी नवी रचना लिहिली आणि वादकांकडून तिची चोरून तालीम करून घेतली. हान्स रिश्टर हा पुढे मोठा नावाजलेला संगीत-संचालक झाला; या रचनेत ट्रम्पेटचा चिमूटभर तुकडा त्याच्याकडे होता. घरात ट्रम्पेट फुंकला तर गुपित फुटणार, म्हणून तो तळ्यात होडी नेऊन सराव करायचा, असं सांगतात. 1870 सालच्या नाताळच्या सकाळी ल्युसर्नजवळच्या त्यांच्या घरात सगळे वादक वाद्यं सावरत जिन्यावर दाटीवाटीनं उभे राहिले आणि कोसिमाला जाग आली ती सुरांनी. आपण रडलो आणि सारं घर रडलं, असं तिनं रोजनिशीत लिहून ठेवलंय. मुलांनी या रचनेचं नाव ‘जिन्यावरचं संगीत’ ठेवलं. जगात ती ‘सीगफ्रीड इडिल’ म्हणून गाजते. जगात गेली कशी, तर आठ वर्षांनी पैशांची चणचण भासली आणि वाग्नरनं ती छापायला देऊन टाकली. कोसिमाला ते लागलं. लागणारच. भेट तिची, जिना तिचा, आणि पैसे प्रकाशकाकडून नवऱ्याला!

उलटंही घडतं. ऑक्सफर्डमधल्या एका गणिताच्या मास्तरानं 1862 च्या जुलैत नावेतून जाताना दहा वर्षांच्या ॲलिसला गोष्ट सांगितली. ती लिहून द्या म्हणून मुलगी मागे लागली. मास्तरानं म्हणजे लुईस कॅरोलनं सुवाच्य अक्षरात वही लिहिली, स्वतः सदतीस चित्रं काढली आणि नाताळची भेट म्हणून तिच्या हातात ठेवली 1864 च्या नोव्हेंबरात. भेट नाताळाआधी महिनाभर पोचली, हे खरं. पण दोन नाताळ मधे उलटून गेले होते आणि मुलगी बारा वर्षांची घोडी झाली होती. स्वेटर असता तर कोपरापर्यंतच आला असता. गोष्टीला माप नसतं म्हणून बचावलं. म्हातारपणी अडचण आली तेव्हा, 1928 साली, ॲलिसनं ती वही लिलावात काढली आणि तिचे 15,400 पौंड आले. हातानं केलेली भेट सांभाळून ठेवल्याचा एवढा मोबदला दुसऱ्या कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

त्याच ऑक्सफर्डला पुढे प्राध्यापक झालेल्या टॉल्किननं तर 1920 पासून 1943 पर्यंत दर नाताळाला आपल्या मुलांना सांताक्लॉजच्या नावानं पत्रं लिहिली. उत्तर ध्रुवाची तिकिटंही हातानं रंगवलेली. अक्षर मुद्दाम थरथरतं, कारण तिकडे थंडी फार आणि म्हातारा एकोणीसशे वर्षांचा! पत्रात एक धांदरट अस्वल आहे. 1925 साली त्यानं ध्रुवाचा खांबच मोडून सांताच्या छपरावर पाडला. तीन वर्षांनी पुडक्यांसकट जिन्यावरून गडगडलं. वर समासात जाड अक्षरात आगाऊ शेरे मारतं ते वेगळंच. एखादं खेळणं कमी पडलं किंवा मोडकं निघालं, तर दोष देण्यासाठी बापाच्या हाताशी कायमचं अस्वल हजर. प्रत्येक घरात एक असावं.

खायच्या भेटी तरी निर्धोक असाव्यात, तर अमेरिकेत घरच्या फ्रूटकेकची बदनामी एवढी, की कोलोरॅडोतल्या मॅनिटू स्प्रिंग्ज गावात 1996 पासून जानेवारीत केक लांब फेकायच्या शर्यती लागतात. 2007 साली बोइंगच्या इंजिनियरांनी हवेच्या दाबावर चालणारी तोफ बनवून केक 1,420 फुटांवर पोचवला. असं आपल्याकडे दोदोलच्या बाबतीत शक्य नाही. नारळाचं दूध, माडाचा गूळ आणि तांदळाचं पीठ तासन् तास घोटून खांदे मोडल्यावर तो फेकायचं त्राण कुणात उरतं?

गोव्यात आणि वसईत नाताळाआधी कुलकुल करायला अख्खं घर बसतं. पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्याकोऱ्या फणीवर दाबून वळायची. आजीची नक्षी एकसारखी, काकांची अर्धवट, पोरांची ओळखू न येणारी. ताटं भरताना सुबक कुलकुल पाद्रीबाबांकडे, बरी दिसणारी शेजारी जातात आणि वाकडी घरात राहतात. पोरं मात्र आपलं एखादं वाकडं हळूच शेजारच्या ताटात सरकवतात आणि ताट पोचवायला स्वतःच धावतात, शेजारच्या काकू आधी कुठलं उचलतात ते बघायला.