आत्याची बासुंदी आणि बोस्टनची डिग्री

(रंगमंचावर एक खुर्ची, खुर्चीवर पंचा. पंचा डोक्यावर घेतला की आत्या, खांद्यावर टाकला की मी.)

मी बोस्टनला पब्लिक रिलेशन्स शिकलो. (थांबून) टाळ्या नकोत, हप्ते चालू आहेत.

कर्जासाठी बँकेत गेलो. साहेब म्हणाले, "कॉम्प्युटर?" नाही. "मेकॅनिकल?" नाही. "मग करणार काय तिकडे?" म्हटलं, "लोकांचं मत आपल्याबद्दल चांगलं कसं करायचं, ते शिकणार." साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि वाढीव तारण मागितलं.

घरी आत्या. गडहिंग्लजची. (पंचा डोक्यावर) "चारचौघांत कसं बोलायचं, ते शिकाय इमानानं जायाचं? मग आमी काय मुकी हाय व्हय रं, बाळ्या?"

बोस्टनच का? तर तिथल्या बोस्टन विद्यापीठात या विषयाचं स्कूल 1947 पासूनचं. मी त्याच गावात, पण दुसऱ्या कॉलेजात. मुंबईत राहतो म्हणणारा बदलापूरला उतरतो, तसं.

पहिल्याच तासाला एडवर्ड बर्नेज. सिग्मंड फ्रॉइडचा भाचा! 1929 साली यानं न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत बायकांना सिगारेटी ओढायला लावल्या आणि गाजवलं काय, तर या स्वातंत्र्याच्या मशाली! पैसे कुणाचे? सिगारेट कंपनीचे. अख्खा वर्ग थक्क. माझ्या कानात मात्र... (पंचा) "त्यात काय? तुज्या काकाचं टक्कल मी 'भाग्याचं कपाळ' म्हणून खपवलं. लगीन लागलं. एक रुपाया घेतला न्हाई."

मग 1982, शिकागो. टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सुलांत कुणीतरी सायनाईड घातलं, 7 माणसं गेली. कंपनीनं देशभरातून 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या, 10 कोटी डॉलरच्या वर तोटा सोसला, आणि सीलबंद वेष्टनात माल पुन्हा बाजारात आणला. प्रोफेसर म्हणाले, "संकटात कसं वागावं, याचा हा आदर्श. आता तुमच्याकडचं उदाहरण द्या."

मी उठलो. (पंचा कमरेला खोचतो.) ताईचं लग्न. मे महिना. पहिली पंगत वरपक्षाची. बासुंदी नासली, आचारी गायब! आणि पहिल्या पाटावर जावयाचे मामा. हे तेच मामा, ज्यांनी साखरपुड्यात पंखा गरगरत नाही म्हणून माझ्या बापाला चारचौघांत ऐकवलं होतं. मामांची वाटी तोंडाशी...

(पंचा डोक्यावर) "थांबा! वाटीला कुणी हात लावायचा न्हाई!" एक: माल परत.

"बासुंदी नासलीया. आमच्या घरची हाय, चूक आमचीच." दोन: जबाबदारी.

"मामा, तुमच्या पोटापरास आमची बासुंदी मोठी न्हाई." तीन: गिऱ्हाईक आधी.

"आता जिलबी. तुमच्या म्होरं तळणार. डोळ्यांनी बगा नि मग खावा." चार: सीलबंद झाकण!

मामांनी पंधरा हाणल्या आणि मांडवाबाहेर सांगत सुटले, "मानपान असावा तर असा!" पाच: फुकट जाहिरात!

प्रोफेसरांनी विचारलं, "ही योजना आखायला आत्यांना किती वेळ लागला?" म्हटलं, "पदर खोचेपर्यंत."

मार्क? बी प्लस. का, तर स्लाइड नव्हती. आणि ए कुणाला? माझ्या ग्रुपमधल्या त्या गृहस्थाला, ज्यानं अख्ख्या प्रोजेक्टमध्ये स्लाइडचा निळा रंग निवडला. फक्त निळा. (प्रेक्षकांकडे रोखून) मी विसरलेलो नाही.

मग आलं 2010. मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीचा स्फोट, 11 कामगार गेले. तेल कंपनी बीपीचे प्रमुख टोनी हेवर्ड कॅमेऱ्यासमोर बोलून गेले की मला माझं आयुष्य परत हवंय. आम्हाला प्रश्न: त्यांनी काय बोलायला हवं होतं? वर्गानं पानंच्या पानं निवेदनं लिहिली. मी रात्री आत्याला व्हिडिओ कॉल लावला.

(पंचा सावकाश डोक्यावर.) "बोलायचं काय त्यात? आदी मयताच्या घरी जायाचं. खाली बसायचं. ती मान्सं बोलंस्तवर आपून त्वांड उघडायचं न्हाई."

(पंचा खांद्यावर. शांतता.) मी माझं निवेदन पुसून टाकलं. लाखो रुपयांच्या कोर्समध्ये ही ओळ कुठल्याच पुस्तकात नव्हती.

(झटकन पंचा डोक्यावर) "आनि त्यो क्यामेरा जरा फ्रिजकडं फिरीव!"

मेलो! कारण परदेशात शिकणारं प्रत्येक पोर दर रविवारी घरच्यांसाठी पत्रकार परिषद घेतं. मागे बर्फ, पुढे हसू, फ्रिज कॅमेऱ्याच्या बाहेर. खरकट्या ताटांचा ढीग उपसतो, त्याला म्हणायचं 'कॅम्पस जॉब'. तोही सेमिस्टर चालू असताना आठवड्याला 20 तास, अमेरिकेच्या व्हिसाचा नियमच तसा. डिग्रीनंतर इंजिनिअरांना नोकरीसाठी 3 वर्षं मिळू शकतात. आमच्या कोर्सवर 'स्टेम'चा, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाचा, शिक्का नाही, म्हणून आम्हाला 1! हे घरी कसं सांगायचं, याचा पेपर मात्र एकाही सेमिस्टरला नव्हता.

तेव्हा पालकहो, पोरांना हा विषय शिकायला जरूर पाठवा. पण आधी एका लग्नात वाढायला उभं करा. आणि फी भरण्याआधी एजंटाला विचारा, डिग्रीनंतर काम किती महिने करता येतं? उत्तर मिळायचं नाही, पण चहा फार चांगला मिळेल. पब्लिक रिलेशन्स त्याला येतं. डिग्री न घेता.