एमएच बारा, भाव बारा पैसे

खडकीकराला गुप्ततेचे धडे द्यावे लागत नाहीत. इथं ते भिंतींवरच रंगवलेले असतात. दारूगोळा कारखान्याची भिंत, स्फोटकांच्या कारखान्याची भिंत, लष्करी वर्कशॉपची भिंत, आणि जिकडंतिकडं एकच सुविचार : फोटो काढण्यास सक्त मनाई. दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. आमच्या आळीतल्या एका काकांनी तिथं तीस वर्षं काढली, पण आत काय चालतं ते काकूंनाही सांगितलं नाही. संध्याकाळी घरी आले की फक्त डब्यातल्या भाजीबद्दल बोलायचे, तेही बेताचंच.

अशा या गावात परवा आमच्या सुभेदारसाहेबांच्या फाटकासमोर कुणीतरी पांढरी मोटार आडवी लावून गेलं.

सुभेदारसाहेब सॅपर्समधून निवृत्त झालेले. सुरुंग शोधण्यात हयात गेली, पण मोटारीचा मालक शोधायला त्यांनी खिशातून मोबाइल काढला. एमपरिवहन हे सरकारी ॲप उघडलं, नंबर टाकला. घटकेत गाडीची कुंडली हजर! नोंदणी कधीची, इंधन कुठलं, विमा कधी संपतो, पीयूसी आहे का, मालक कितवा. नावाच्या जागी मात्र नक्षत्रं. एक अक्षर, तीन तारे, पुन्हा एक अक्षर. आम्ही चौघं फाटकाशी उभे राहून शब्दकोडं सोडवू लागलो. एक म्हणाला सतीश, दुसरा म्हणाला संतोष. सुभेदारसाहेब म्हणाले, "जो कोणी असेल तो, गाढव आहे." तेवढं मात्र तारे न मोजता जमलं.

"पूर्वी बरं होतं हो," ते म्हणाले. "नंबर एसेमेस केला की अख्खं नाव यायचं."

यायचं खरं. रस्त्यात कुणालाही कुणाचंही नाव मिळायचं, म्हणून पुढं त्यावर पडदा टाकला. हे मी त्यांना समजावून सांगत होतो, तेवढ्यात माझाच फोन वाजला.

"सर, आपल्या गाडीचा विमा अठरा तारखेला संपतोय."

बाईंनी माझं नाव वडिलांच्या नावासकट घेतलं. एकही तारा नव्हता. गाडीचं मॉडेल सांगितलं, साल सांगितलं. विम्याची तारीख मलाही ठाऊक नव्हती. मी विचारलं, "माझा नंबर कुठून मिळाला?" त्या म्हणाल्या, "सर, सिस्टिममध्ये आहे." ही सिस्टिम राहते कुठं, एवढं कळलं असतं तर तिच्या फाटकासमोर मीही एकदा गाडी आडवी लावून आलो असतो.

त्या बाईंना माहिती कुणी पुरवली ते मला ठाऊक नाही आणि मी कुणावर आळही घेत नाही. पण आपल्या माहितीचा बाजार एकदा खुद्द सरकारनंच मांडला होता, हे विसरून कसं चालेल? मार्च २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं गाड्यांची घाऊक माहिती देण्याचं रीतसर धोरण काढलं. कंपन्यांना वर्षाचा दर ३ कोटी रुपये, शिक्षणसंस्थांना ५ लाख. शिवाय दरवर्षी ५ टक्के वाढ, भाडेकरारासारखी. त्याच वर्षी जुलैत नितीन गडकरी यांनी राज्यसभेत सांगितलं की ८७ खासगी आणि ३२ सरकारी संस्थांना 'वाहन' आणि 'सारथी' या गाड्यांच्या नि परवान्यांच्या सरकारी नोंदींतली माहिती दिली आहे आणि त्यातून ६५ कोटी रुपये मिळाले आहेत.

मी खडकी बाजारात वाढलेला माणूस. घाऊक भाव ऐकला की आपोआप किरकोळीचा हिशोब सुरू होतो. तेव्हा नोंदी होत्या सुमारे २५ कोटी वाहनांच्या. ३ कोटी रुपये भागिले २५ कोटी गाड्या, म्हणजे गाडीमागे बारा पैसे. गाडी एमएच बारा, मालकाचा भाव बारा पैसे! पुण्याचा एवढा अचूक मान दिल्लीनं यापूर्वी कधी राखला नसेल. हॅरिस पूल ओलांडून दापोडीत गेलं की गाड्या एमएच चौदा होतात, पण तिथल्यांना दोन पैसे जास्त मिळाले नाहीत. मुळात मिळाले कुणालाच नाहीत. गाडी माझी, रस्ताकर माझा, माहिती माझी. गल्ला तेवढा दुसऱ्याचा.

त्या वर्षीच्या आर्थिक पाहणी अहवालात तर एक अख्खं प्रकरणच होतं, 'लोकांची, लोकांनी, लोकांसाठी' अशा थाटाच्या मथळ्याचं. लिंकनसाहेब लोकशाहीबद्दल बोलले होते. आपल्याकडं ते डेटावर गेलं.

जून २०२० मध्ये हे धोरण गुंडाळलं. कारण दिलं की माहितीचा गैरवापर होऊ शकतो आणि खासगीपणाचा प्रश्न आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजीच सांगितलं होतं. पण दिल्लीहून दिल्लीला टपाल जायला तीन वर्षं लागणारच. पुढं २०२१ मध्ये संसदेत सांगितलेला एकूण कमाईचा आकडा १११ कोटींच्या वर गेला होता. धोरण गेलं, कमाई उरली. आणि दिलेली माहिती परत कशी घ्यायची? भाजीत पडलेलं मीठ कुणी वेचून काढलंय?

आम्हा खडकीकरांना हा व्यवहार नवा नाही म्हणा. ५ नोव्हेंबर १८१७ ला इथल्याच माळावर पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. वाड्यातल्या बातम्या त्याआधीपासूनच इंग्रजांच्या रेसिडेंटला, एल्फिन्स्टनसाहेबाला, पोचत होत्या. तेव्हा त्याला फितुरी म्हणत. आता डेटा शेअरिंग म्हणतात, आणि त्याचं दरपत्रकही निघतं.

बरं, गाडीचा पूर्वेतिहास उघड असायला माझी ना नाही. जुनी गाडी घेणाऱ्याला तो कळलाच पाहिजे. मुलगी बघायला गेल्यावर पत्रिका नको म्हणणारे लोकही जुनी गाडी घेताना मेकॅनिकला सोबत नेतात. पण गंमत बघा. गाडीचा अपघात झाला होता का, ती पुराच्या पाण्यात बुडाली होती का, मीटर किती मागं फिरवला आहे, यासाठी त्या ॲपच्या कुंडलीत घरच नाही. गाडीची पापं झाकलेली, आणि मालक मात्र चव्हाट्यावर.

अमेरिकेत गाडीचा इतिहास विकणारी कारफॅक्स कंपनी १९८४ पासून आहे. अपघात, मीटर, सगळं पैसे मोजून कळतं. मालकाच्या पत्त्याचा धडा मात्र त्यांनी रक्त सांडल्यावर घेतला. १९८९ मध्ये रिबेका शेफर या तरुण अभिनेत्रीचा तिच्या दारात खून झाला. मारेकऱ्यानं तिचा पत्ता एका खासगी गुप्तहेरामार्फत वाहन खात्याच्या नोंदींतून मिळवला होता. त्यानंतर १९९४ मध्ये कायदा आला. त्यालाही पळवाटा आहेत, पण माहिती कशासाठी हवी हा प्रश्न तरी कागदावर आला. आपला माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढं आणखी अठरा महिने. तोवर बारशाचं आमंत्रण पोचलं असं समजायचं.

इकडं फाटकासमोरची मोटार तशीच होती. शेवटी सुभेदारसाहेब कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडं गेले. त्याच्याकडं ना ॲप, ना सर्व्हर. पण आळीतली प्रत्येक गाडी कुणाची, कुणाच्या मेव्हण्याची, हप्ते कुणी थकवलेत, सगळं त्याच्या डोक्यात.

"ती पांढरी गाडी कुणाची रे?"

त्यानं इस्त्री उभी केली, साहेबांकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "कशाला पाहिजे?"

"फाटक अडवलंय."

"मग तुम्ही थांबा. मीच त्यांना बोलावतो."

पाच मिनिटांत गाडी हलली. मालकाचं नाव आम्हाला अजून कळलेलं नाही.