निवेदन कसे द्यावे : होतकरू नागरिकांसाठी मार्गदर्शन

मतदान पाच वर्षांतून एकदा येते आणि संध्याकाळी सहाला संपते. उरलेल्या दिवसांत नागरिकाने काय करावे, हा प्रश्न इतरत्र पडत असेल. मूर्तिजापुरात पडत नाही. येथे तहसील कार्यालय आहे, उपविभागीय अधिकारी कार्यालय आहे, पंचायत समिती आहे आणि नगर परिषदही आहे. एकूण चार दारे झाली. सुजाण नागरिकाने या चारही दारी आळीपाळीने निवेदन द्यावे. कसे द्यावे, ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

प्रथम कायदेशीर आधार. संविधानाच्या अनुच्छेद 350 नुसार कोणत्याही गाऱ्हाण्यासाठी, कोणत्याही अधिकाऱ्याकडे, देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. म्हणजे ‘साहेब, आठ दिवस झाले, नळाले पानी नाही’ एवढे लिहूनही काम भागू शकते. होतकरूंनी हा मोह टाळावा. मजकूर पहिल्याच वाचनात समजला, तर अधिकाऱ्यावर उत्तर देण्याची पाळी येते आणि दोन्ही बाजूंची पंचाईत होते.

म्हणून भाषा रुळलेलीच वापरावी. ‘मा. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’ अशी सुरुवात करावी. मध्ये ‘सदर’ हा शब्द जमेल तितक्या वेळा घालावा. शेवटी ‘अन्यथा लोकशाही मार्गाने तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामास प्रशासन जबाबदार राहील’ हे वाक्य येतेच. ते नसेल तर निवेदन अपुरे समजले जाते. त्याखाली प्रतिलिपी मुख्यमंत्री, पालकमंत्री, जिल्हाधिकारी आणि ठाणेदार यांना माहितीस्तव. पंतप्रधानांना प्रत द्यावी की नाही, हे विषयाच्या आकारावर ठरवावे. नालीसाठी सहसा देत नाहीत.

विषयांची या भागात ददात नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. तेथे विहीर खोदून पाणी लागले तरी ते पिण्याजोगे असेलच असे नाही. पीकविमा आहे, सोयाबीनचा भाव आहे, पांदण रस्ता आहे. विषय निवडताना एकच पथ्य पाळावे : तो लवकर सुटण्यासारखा नसावा. सुटलेल्या विषयावर दुसऱ्यांदा निवेदन देता येत नाही.

आता शिष्टमंडळ. निवेदनाला एक हात पुरतो, पण कागदाच्या कडेला बोटे लावायला किमान सात जण हवेत. उजव्या कोपऱ्याची जागा मुख्य निवेदनकर्त्याची. साहेब मिटिंगले गेले असतील, तर नायब तहसीलदार चालतात. तेही नसतील, तर कक्षातला अव्वल कारकून. ‘भाऊ, जरासे इकडे सरका ना, मले तोंड दिसत नाही,’ असे मागून कुणी म्हटले तर सरकावे, कारण दुसऱ्या दिवशीच्या जिल्हा पानावरचा फोटो हाच या कार्याचा निकाल. पोच घेतली नाही, आवक क्रमांक टाकून घेतला नाही, तरी फोटोतील नावांचा क्रम मात्र नीट लिहून द्यावा.

पत्ता चुकवणे ही प्रगत विद्यार्थ्यांची पायरी. तिच्यासाठी मूर्तिजापूरला शकुंतला रेल्वेसारखे दुसरे उदाहरण नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर ते अचलपूर अशी 189 किलोमीटरची ही नॅरोगेज. वऱ्हाडचा कापूस बंदराकडे आणि पुढे विलायतेला जावा, म्हणून ब्रिटिश काळात किलिक निक्सन या कंपनीच्या छत्राखाली टाकलेली. 1921 साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनाने ती 1994 पर्यंत ओढली, मग डिझेल आले. देशातल्या बाकी रेल्वे सरकारच्या झाल्या. या मार्गाची मालकी मात्र खासगी कंपनीकडे राहिली आणि गाड्या सरकारी रेल्वेने चालवल्या. आता गाडी थांबून बरीच वर्षे झाली. ‘शकुंतला सुरू करा, ब्रॉडगेज करा’ ही मागणी थांबलेली नाही.

रेल्वे हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीचा विषय आहे. तहसीलदारांना शकुंतलेचा एक स्लीपरही हलवता येत नाही. आमदारांनी विधानसभेत आवाज उठवला, तरी तो मुंबईहून दिल्लीला शिफारस म्हणूनच जातो. हे काम लोकसभेचे. तेथे रोज 11 वाजता प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो, दिवसाला 20 तारांकित प्रश्न यादीत असतात आणि मंत्र्यांना उभे राहून उत्तर द्यावे लागते. लोकसभेची याचिका समितीही आहे. खासदाराने प्रतिस्वाक्षरी केली, तर साध्या माणसाची याचिका थेट सभागृहापुढे ठेवता येते. शकुंतलेचे रूळ अकोला, अमरावती आणि यवतमाळ-वाशिम अशा तीन मतदारसंघांतून जातात, म्हणजे जाब विचारायला तीन खासदार हाताशी आहेत. होतकरूंनी यातून योग्य तो बोध घ्यावा : तीन खासदार, तीन निवेदने, तीन फोटो. सभागृहात पुढे प्रश्न आला का, हे विचारायला पुन्हा कोणी जात नाही, त्यामुळे संबंध बिघडत नाहीत.

निवेदनाचा मोठा अवतार म्हणजे मोर्चा आणि त्याचा हंगाम म्हणजे नागपूरचे हिवाळी अधिवेशन. 1953 च्या नागपूर करारामुळे विदर्भाला वर्षातून एकदा सरकार जवळून पाहायला मिळते. मोर्चा विधानभवनाच्या अलीकडे अडवला जातो आणि कुणी मंत्री निवेदन घ्यायला येतात किंवा पाच जणांना आत बोलावले जाते. 23 नोव्हेंबर 1994 रोजी गोवारी समाजाचा मोर्चा असाच तेथे उभा होता. अनुसूचित जमातीचा दर्जा ही त्यांची मागणी. चेंगराचेंगरीत 114 जण गेले. त्यांत बायका आणि मुले होती. 2018 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मागणी मान्य केली, 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. या प्रकरणात मार्गदर्शकाकडे युक्ती नाही.

मोर्चाला न जाता घरी राहणाऱ्यांनी संत गाडगेबाबांचे नाव निवेदनाच्या आरंभी घालावे. बाबांचे बालपण याच तालुक्यातील दापुऱ्यात, मामाच्या घरी गेले आणि मूर्तिजापुरात त्यांनी गोरक्षण उभे केले. गावात शिरल्यावर ते आधी खराटा हाती घेत. तेवढा भाग गाळावा. सफाईसाठी निवेदन देता येते.

आता पूर्णपणे टाळावयाच्या गोष्टी. यांच्यामुळे चांगली चालू असलेली निवेदने कायमची बंद पडण्याची भीती असते.

एक, ग्रामसभा. तिला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असतील तेवढी माणसे लागतात. ती जमली नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे न गेल्यानेही ठराव होतात. फक्त ते दुसऱ्यांच्या मनासारखे होतात. घरकुलाच्या यादीत नाव का नाही, याचे निवेदन नंतर देता येते.

दोन, लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. यात अधिसूचित दाखल्याला ठरावीक मुदत आहे. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. ओळख काढून दाखला मिळवण्याची मजा यात राहत नाही.

तीन, विलंब प्रतिबंधाचा 2005 चा कायदा. यानुसार एका टेबलावर फाइल साधारणपणे कामकाजाचे सात दिवसच थांबू शकते. हे वाक्य कार्यालयात मोठ्याने उच्चारू नये.

चार, माहितीचा अधिकार. हा सगळ्यांत घातक. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, एकच विषय, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे 150 शब्दांची मर्यादा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तिकीटही लागत नाही. ‘माझ्या अमुक तारखेच्या निवेदनावर कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या तारखेला, काय शेरा लिहिला, त्याची प्रत द्यावी,’ एवढ्यात काम होते. यात ‘सदर’ नाही, इशारा नाही आणि शिष्टमंडळही नाही, त्यामुळे फोटो निघत नाही. 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. न दिल्यास पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे करता येते. तेही फसले तर 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. आयोग दिवसाला 250 रुपये, असा कमाल 25,000 रुपयांपर्यंत दंड अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल करायला सांगू शकतो. अकोला जिल्ह्यासाठी हा आयोग अमरावतीला बसतो. मूर्तिजापूरहून बडनेऱ्याची गाडी धरली की तेथे पोचता येते. ती मोठ्या रुळांवरची असल्यामुळे सुरू आहे.